बिलातून कापलेला एक टक्का कुठे जातो?



आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी घरांत शिक्षक, वकील, व्यापारी आणि आमच्यासारखे बँकवाले आहेत, तसे बांधकामावर पोट असणारेही पुष्कळ आहेत. गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, प्लास्टरवाले, फरशी बसवणारे, रंगारी, प्लंबर. यातले कितीतरी जण आता रोजंदारीवर नाहीत. दहा-पंधरा माणसांची टोळी घेऊन बिल्डरकडून किंवा मोठ्या कंत्राटदाराकडून काम अंगावर घेतात. कुणी त्याला लेबर कंत्राट म्हणतो, कुणी पेटी कंत्राट. सरकारी कागदावर त्यांना पोटकंत्राटदार म्हणतात. कामासाठी ही मंडळी गोव्यात जातात, कोल्हापूरला जातात, हुबळीला जातात.

मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी आम्ही तीन-चार सेवानिवृत्त मंडळी बसतो. पेन्शन, वारसा, बँकेची कागदपत्रे अशा बाबतीत जमेल तेवढे मार्गदर्शन करतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी असेच एक सेंट्रिंगचे मेस्त्री आले. हातात बिल्डरच्या ऑफिसातून मिळालेला हिशेबाचा कागद होता. त्यात एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "साहेब, दर बिलाला हे टीडीएस म्हणून कापतात. चार वर्षं झाली. हे पैसे गेलेच म्हणायचे की हो?"

आम्ही विचारले, "रिटर्न भरता का?"

"मला कुठला टॅक्स? मी कशाला रिटर्न भरू?"

या एका उत्तरात त्यांचे चार वर्षांचे नुकसान होते. तीच समजूत आपल्यातल्या अनेक घरांत आहे, म्हणून हा लेख.

टीडीएस म्हणजे कर नव्हे, ठेव

टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच थोडी रक्कम कापून तुमच्या नावाने सरकारजमा करणे. तुमचा खरा कर किती, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसते. ते वर्ष संपल्यावर तुमचा नफा काढून ठरते. तोपर्यंत कापलेली रक्कम ही तुमच्या पॅनवर जमा असलेली आगाऊ रक्कम असते. कर कमी निघाला तर फरक परत मिळतो. कर शून्य निघाला तर सगळी रक्कम परत मिळते. पण ती आपणहून घरी चालत येत नाही. रिटर्न भरून मागावी लागते.

कंत्राटाच्या पैशातून अशी कपात करण्याची तरतूद आयकर कायद्यात १९७२ साली आली. तिचे कलम १९४सी. सप्टेंबर २००९ पर्यंत दर कामाच्या पायरीवर ठरत असे. मुख्य कंत्राटदाराला २ टक्के आणि पोटकंत्राटदाराला १ टक्का. जुने मेस्त्री अजून "आम्हाला एक टक्काच" म्हणतात ते त्या काळाच्या सवयीने. १ ऑक्टोबर २००९ पासून हा भेद गेला. आता दर काम घेणारा कोण आहे यावर ठरतो.

आजचे दर असे आहेत.

काम घेणारी एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का.

काम घेणारी भागीदारी फर्म, कंपनी किंवा दुसरी संस्था असेल तर २ टक्के.

पॅन दिला नाही, किंवा दिलेला पॅन चालू स्थितीत नाही, तर २० टक्के.

कापणाऱ्या ऑफिसला तुम्ही कोण हे पॅनवरूनच कळते. पॅनमधले चौथे अक्षर पाहा. 'पी' असेल तर व्यक्ती, 'एच' असेल तर अविभक्त कुटुंब, 'एफ' असेल तर फर्म, 'सी' असेल तर कंपनी. तुमच्या पॅनवर 'पी' असूनही २ टक्के कापले जात असतील, तर अकाउंटंटला ते अक्षर दाखवा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आहे. टीडीएसच्या बहुतेक तरतुदी आता कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत आणि फॉर्मचे क्रमांकही बदलले आहेत. कंत्राटाचे दर मात्र तेच, १ आणि २ टक्के. २०२५-२६ या वर्षाचे रिटर्न जुन्या कायद्यानेच भरायचे आहे, म्हणून या लेखात जुनीच ओळखीची नावे ठेवली आहेत.

कपात कधी होते, कधी नाही

एका वेळचे बिल ३०,००० रुपयांच्या आत असेल आणि त्याच बिल्डरकडून वर्षभरात मिळणारी एकूण रक्कम १ लाखाच्या आत असेल, तर कपात होत नाही. दोन्हीपैकी एक मर्यादा ओलांडली की होते.

यावरून साइटवर भांडणे होतात. समजा, दर आठवड्याला २५,००० रुपये मिळतात. चार आठवडे काहीच कापले नाही, कारण बेरीज बरोबर १ लाख झाली, तिच्या वर गेली नाही. पाचव्या आठवड्याला बेरीज १,२५,००० झाली. आता अकाउंटंट पाचही आठवड्यांचे मिळून १,२५० रुपये एकदम कापतो आणि हातात २३,७५० येतात. मेस्त्रीला वाटते, अडीचशेच्या जागी साडेबाराशे कापले. इथे अकाउंटंटचे चुकत नाही, कायदाच तसा आहे.

उचल घेतली तरी कपात होते, कारण पैसे देणे किंवा बिल खात्यावर जमा लावणे यातले जे आधी घडेल तेव्हा कापायचे असते. मात्र उचलीवर एकदा कापले तर त्याच रकमेवर अंतिम बिलात पुन्हा कापायचे नाही. हिशेबाच्या कागदावर हे तपासून घ्यावे.

मालासकट काम घेतले असेल, म्हणजे सिमेंट-वाळू तुमचीच, तर कपात मालासकट पूर्ण बिलावर होते. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्या भागावर टीडीएस कापायचा नाही. तसे परिपत्रक २०१७ सालीच निघाले आहे. म्हणून जीएसटी नोंदणी असणाऱ्यांनी बिलात कर वेगळ्या ओळीत लिहावा.

आपले घर बांधणाऱ्या सभासदांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राहत्या घराच्या कामाला १९४सी लागत नाही. पण एकाच कंत्राटदाराला वर्षात ५० लाखांच्या वर पैसे दिले, तर कलम १९४एम प्रमाणे घरमालकाने २ टक्के कापून भरायचे असतात. ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा दर ५ टक्के होता. त्यासाठी वेगळा टॅन नंबर काढावा लागत नाही, आपल्या पॅनवरच भरता येतो.

एका मेस्त्रीचा हिशेब

आकडे मांडले की गोष्ट लवकर कळते. समजा, एका सेंट्रिंग मेस्त्रीची वर्षभरात १८ लाखांची बिले झाली, सगळी बँकेतून. त्यातले १५ लाख माणसांच्या मजुरीत, येण्याजाण्यात, चहापाण्यात गेले. उरले ३ लाख. टीडीएस १ टक्का म्हणजे १८,००० रुपये.

२०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या अशा धंद्याच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे या मेस्त्रीचा कर शून्य. त्याचे १८,००० रुपये पूर्ण परत मिळायला हवेत. टोळीतल्या एखाद्या माणसाची महिन्याची मजुरी झाली ही.

आता हाच मेस्त्री पॅनशिवाय काम करत असेल तर? २० टक्क्यांनी ३,६०,००० रुपये कापले जातील. वर्षाचा नफाच ३ लाख आहे. म्हणजे नफा तर गेलाच, वर माणसांचे ६०,००० रुपये खिशातून द्यायचे. अशा वेळी मेस्त्री सावकाराकडे जातो. आणि पॅनच नसल्यामुळे ती कपात कुणाच्याच नावावर धड जमा होत नाही. परत मागायची तरी कशाच्या आधारे?

पॅन असूनही आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय धरला जातो आणि तेव्हाही दर २० टक्केच. जोडणीचे शुल्क १,००० रुपये आहे. हजार रुपये वाचवायला जाऊन कुणी लाखात नुकसान करून घेऊ नये.

दुसऱ्याचा पॅन कधीही देऊ नका

आमच्याकडे आलेले एक प्रकरण नाव न घेता सांगतो. फरशीचे काम करणाऱ्या एका मेस्त्रीकडे पॅन नव्हता. काम तर सुरू करायचे होते. त्याने मेव्हण्याचा पॅन दिला. मेव्हणा बिचारा एका ऑफिसात पगारावर नोकरीला. वर्ष संपले, मेव्हण्याने नेहमीप्रमाणे पगाराचे रिटर्न भरले आणि पुढे आयकर खात्याची विचारणा आली, की तुमच्या नावावर कंत्राटाचे सहा लाख दिसतात, ते का दाखवले नाहीत? मेव्हण्याला यातले काही माहीत नव्हते. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. बहिणीची अवस्था काय झाली असेल, सांगायला नको.

शेवटी बिल्डरच्या अकाउंटंटला विनंती करून टीडीएसचे पत्रक दुरुस्त करून घेतले आणि मेव्हण्याने खुलासा दिला. पण त्यात सात-आठ महिने गेले. पॅन काढायला इतका वेळ नक्कीच लागत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे तीन भावांचे काम एका भावाच्या नावावर घेणे. बिल, टीडीएस सगळे थोरल्याच्या पॅनवर जमा होते आणि तो धाकट्यांना रोख वाटतो. सरकारच्या दृष्टीने सगळा धंदा थोरल्याचा. त्याची जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. शक्य असेल तर प्रत्येकाने आपल्या कामाचे बिल आपल्या नावाने द्यावे. एकत्रच करायचे असेल तर कुणाला किती दिले याची वही ठेवावी आणि पैसे बँकेतून द्यावेत. फर्म काढण्याचा विचार असेल तर आधी सल्ला घ्या. फर्मला २ टक्के कपात होतेच, शिवाय फर्मच्या नफ्यावर ३० टक्के कर असतो आणि व्यक्तीला मिळणारी चार लाखांची मुभा फर्मला नसते.

कापले, पण भरले का?

बिल्डरने कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायचा असतो. मार्च महिन्याचा ३० एप्रिलपर्यंत. त्यानंतर दर तिमाहीला तो पत्रक भरतो आणि त्या पत्रकात तुमचा पॅन असतो. पत्रक भरल्यावर ती रक्कम तुमच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसते. आम्ही त्याला टीडीएसचे पासबुक म्हणतो. आयकराच्या वेबसाइटवर आपल्या खात्यातून ते बघता येते, अनेक बँकांच्या नेट बँकिंगमधूनही दिसते. गोव्यातले काम, कोल्हापूरचे काम, बेळगावचे काम, सगळे एकाच ठिकाणी येते, कारण आयकर केंद्राचा आहे. राज्य बदलले तरी दर आणि पॅन तेच.

बँकेचे पासबुक जसे भरून घेता, तसे हे तीन महिन्यांनी एकदा बघा. बघायचे महिने लक्षात ठेवायला सोपे आहेत: ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जून. या महिन्यांच्या मध्यापर्यंत बिल्डरने तुम्हाला फॉर्म १६ए हे प्रमाणपत्रही द्यायचे असते. ते मागून घेणे हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

रक्कम दिसली नाही तर लगेच विचारा. वर्षभराने विचारले तर तो अकाउंटंटही बदललेला असतो. भाषा नम्र ठेवा पण लेखी विचारा, मोबाइलवर संदेश पाठवला तरी चालेल. कापून न भरणाऱ्याला दरमहा दीड टक्का व्याज पडते आणि पत्रक उशिरा भरले तर दिवसाला २०० रुपये फी लागते. हे त्यांनाही माहीत असते, म्हणून विचारणाऱ्याचे काम बहुधा आधी होते. तुमच्याकडून कापलेला कर बिल्डरने भरला नाही, तर तोच कर खाते तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. कलम २०५ तसे सांगते. पण कापला होता हे दाखवायला बिलाची प्रत, हिशेबाचा कागद आणि बँकेचा उतारा जपून ठेवलेला हवा.

बिलातली प्रत्येक कपात टीडीएस नसते, हेही बघावे. काम टिकते का पाहण्यासाठी राखून ठेवलेली रक्कम वेगळी, ती मुदतीनंतर बिल्डरकडूनच मिळते. बांधकाम कामगार कल्याणाचा सेस १ टक्का असतो. तो एक टक्का आणि टीडीएसचा एक टक्का यांची गल्लत होते. सेसचा आयकराशी संबंध नाही, तो रिटर्नमध्ये परत मिळत नाही. म्हणून हिशेबात प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत लिहून मागा.

रिटर्न कसे भरायचे

लहान धंद्यासाठी कलम ४४एडी ची सोय आहे. मोठ्या हिशेबाच्या वह्या, ऑडिट यांची गरज नाही. वर्षाची जमा २ कोटींच्या आत असेल, तर बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोख जमेवर किमान ८ टक्के नफा दाखवून आयटीआर-४ हे सोपे रिटर्न भरता येते. मात्र खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो खराच दाखवावा. वरच्या उदाहरणात ६ टक्क्यांनी १,०८,००० येतात, पण नफा ३ लाख आहे, तर ३ लाखच लिहावे. कर दोन्हीकडे शून्यच आहे, मग कमी कशाला लिहायचे?

वर्षात टीडीएसची रक्कम २५,००० किंवा जास्त झाली असेल (ज्येष्ठ नागरिकांना ५०,०००), तर उत्पन्न कमी असले तरी रिटर्न भरणे सक्तीचे आहे. मुदत चुकली तर त्या रिटर्न वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. त्यानंतर परतावा मागण्यासाठी अद्ययावत रिटर्नची सोय नाही. खात्याकडे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि तो लांबचा रस्ता आहे.

बँकेत व्याजावर कपात होऊ नये म्हणून आपण फॉर्म १५जी देतो. कंत्राटाच्या पैशाला तो चालत नाही. कपातच कमी व्हावी असे वाटत असेल तर आयकर खात्याकडे फॉर्म १३ चा अर्ज करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

शेवटी, एका फाइलीबद्दल

आमच्यापैकी दोघे बँकेत कर्जाच्या टेबलावर अनेक वर्षे होतो. तिथे एक प्लास्टरचे मेस्त्री घरासाठी कर्ज मागायला आले होते. हात चांगला, वीस वर्षांचे काम, व्यसन नाही. खात्यात पैसे येत-जात होते. पण एकही रिटर्न नव्हते. बँकेला माणसाचा हात दिसत नाही, कागद दिसतो. ती फाइल आम्ही परत केली. नियमाने बरोबर केले, पण मनाला लागून राहिले. त्यांनी मग खासगीतून जास्त व्याजाने पैसे उचलले असे कळले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची घरे उभी केली, त्याला स्वतःच्या घरासाठी दारोदार फिरावे लागले. तीन वर्षांची रिटर्न असती तर आम्हाला ती फाइल पुढे पाठवता आली असती.

म्हणून आमचे सांगणे असे आहे, की परतावा हा या कामातला लहान फायदा समजा. दरवर्षी भरलेले रिटर्न म्हणजे सरकारी कागदावर लिहिलेली तुमच्या कष्टांची नोंद. घराच्या कर्जाला, मुलांच्या शैक्षणिक कर्जाला, अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात उत्पन्न सिद्ध करायला तीच उपयोगी पडते.

दिवाळीनंतर आलेल्या त्या सेंट्रिंग मेस्त्रींचे सरत्या वर्षाचे रिटर्न ३१ डिसेंबरच्या आत भरून झाले. त्या वर्षाचा परतावा त्यांच्या खात्यात जमा झाला. मागच्या वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज केला आहे. परवा ते आपल्याबरोबर आणखी दोन मेस्त्रींना घेऊन आले होते.

आपल्या घरात, शेजारात, गावाकडे असे कुणी असतील तर त्यांना हा लेख वाचून दाखवा. रविवारी येताना पॅन, आधार, बँकेचे पासबुक, बिलांच्या प्रती आणि आयकरात नोंदवलेला मोबाइल बरोबर आणावा. तो मोबाइल मुलाकडे असेल तर मुलालाच घेऊन यावे, कारण ओटीपी त्याच्याकडेच येतो! मार्गदर्शनाचे कुणाकडूनही काही घेतले जात नाही. चहा मात्र मंडळाचा असतो.